पायाची नाडी

धाकटा तालमीत बैठका मारताना म्हणायचा, "दादा, पाय लगेच भरून येतात." आई खुराक वाढवायची. पाय मात्र ऐन चैत्रातही गार.

एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या तपासणीत बीपी निघालं १७० वर १००. गोळ्या सुरू झाल्या, वर्षभर आकडा हलला नाही. मग एका डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मनगटावर आणि जांघेत एकदमच बोटं ठेवली. जांघेतली नाडी अगदी क्षीण, तीही मागून येणारी. पायाचं बीपी मोजलं, वरचा आकडा ११०!

हृदयातून निघणारी महाधमनी डाव्या हाताची शाखा फुटते त्याच्या थोडं पुढे जन्मतःच आवळलेली होती. पाटाचं दार अर्धं खाली सोडल्यावर वर पाणी तुंबतं आणि खालचं शिवार कोरडं राहतं, तसं. त्यात मूत्रपिंडांनाही रक्त कमी पडतं, म्हणून ती दाब आणखी चढवायला लावतात. नुसत्या गोळ्यांनी हे कसं सुटणार?

तरुण पोराचं बीपी वाढलेलं असेल तर एकदा पायाचंही मोजायला सांगा, हात जोडून सांगतो.

सीटी झालं, जांघेतून नेऊन आवळलेल्या जागी स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला. एक गोळी आहे अजून, तपासण्या तर जन्मभर. परवा रंकाळ्यावर चालताना त्यानं चप्पल काढली. "हात लावून बघ दादा." पाय गरम होते.