दोन रेझिस्टर

द्राक्षबागेतल्या सेन्सरसाठी मी केलेल्या सर्किटवर नजर टाकताना कामावरचे दादा सहज म्हणून गेले, “दोन रेझिस्टरच तर निवडायचे होते, त्याला एवढा वेळ?” त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, तरी कुपवाडहून घरी पोहोचेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही.

रेग्युलेटरचा, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीचा, रेफरन्स (तुलनेसाठी आत ठरलेले व्होल्टेज) ०.८ व्होल्टचा आहे आणि सेन्सरला ३.३ व्होल्ट हवेत. आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये एकाखाली एक जोडलेले दोन रेझिस्टर आउटपुटचा ठरावीक हिस्सा फीडबॅक पिनला दाखवतात, आणि तो हिस्सा ०.८ व्होल्ट राहील असे आउटपुट रेग्युलेटर ठेवतो. म्हणजे वरचा रेझिस्टर खालच्याच्या ३.१२५ पट हवा, एवढे गणित कोणीही करील. पण हे गुणोत्तर साधणाऱ्या जोड्या असंख्य आहेत आणि त्यांतली कोणती घ्यावी, हे सूत्र सांगत नाही. ३१६ आणि १०० किलोओहम घेतले, तर त्यांतून जेमतेम ८ मायक्रोअँपिअर वाहतात, आणि बॅटरीवरच्या यंत्रासाठी हा मोह मोठा असतो. मात्र फीडबॅक पिनने ०.१ मायक्रोअँपिअर जरी ओढला, तरी आउटपुट ३१.६ मिलिव्होल्टने, म्हणजे जवळपास एक टक्क्याने वर सरकते. शिवाय हा बोर्ड तासगावच्या द्राक्षबागेत राहायचा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या, पहाटेचे दव आणि सोल्डरिंगनंतर चिकटून राहिलेले फ्लक्सचे रसायन यांमुळे पिनपासून ग्राउंडपर्यंत १० मेगाओहमची गळती सुरू झाली, तर खालच्या १०० किलोओहमचे ९९ होतात आणि आउटपुटही सरकते. १० किलोओहमला तीच गळती फक्त एक दशांश टक्क्याने हलवते.

हे सगळे कोणाला दिसणार? मीटरवर ३.३ दिसले की काम झाले, असेच मानले जाते. दोनच रेझिस्टर! बोर्डाचा सगळा भरवसा ज्यांच्यावर आहे, तेच हे दोन.

तरी दादांचा राग धरवत नाही. त्यांची उमेदीची वर्षे ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ हा जुना रेग्युलेटर यांच्या संगतीत गेली, आणि ७८०५ चे ५ व्होल्ट आयसीच्या आतच ठरलेले असतात. बाहेर निवडायला काही उरतच नाही. त्यांना प्रश्न पडला, यात वावगे काही नाही. उद्या विचारले, तर मी त्यांना गळतीचा हिशेब मांडून दाखवीन; नाही विचारले, तरी चालेल.

मी ३१.६ आणि १० किलोओहमवर ठाम आहे. आउटपुट ३.३२८ व्होल्ट येईल, आणि दोन्ही रेझिस्टर एक टक्क्याचे असल्यामुळे फार तर दीड टक्का इकडेतिकडे होईल, जे सेन्सरला चालते. रेझिस्टरांतून वाहणारे ८० मायक्रोअँपिअर म्हणजे दिवसाला दोन मिलिअँपिअर-तासांहूनही कमी, आणि तेवढे सोलर पॅनेल सहज भरून काढील. आता दोन्ही रेझिस्टर रेग्युलेटरच्या कॉइलच्या विद्युत गोंगाटापासून दूर, फीडबॅक पिनला अगदी लागून बसवायचे राहिले आहेत.