पगार न्यू जर्सीत, मुलगी मुलुंडला: पोटगीच्या आदेशाचा माझा अनुभव

अमेरिकेतून घटस्फोटाचं पाकीट कुरिअरने आलं की घरचे म्हणतात, "घेऊच नकोस, परत पाठव." सल्ला अगदीच निराधार नाही. परदेशी कोर्टाचे कागद थेट टपालाने बजावायला हेग सेवा करारात (कोर्टाचे कागद परदेशात पोहोचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) भारताची हरकत आहे. ते दिल्लीच्या विधी आणि न्याय मंत्रालयामार्फत यावे लागतात. तरी मी पाकीट घेतलं आणि तिथला वकील केला. न्यू जर्सीत उत्तर द्यायला ३५ दिवस मिळतात. बजावणी चुकली म्हणून दावा फार तर लांबतो, शाळेची फी लांबत नाही.

एक गोष्ट आधीच ठरवली: मुलीची पोटगी तिथल्या कोर्टाकडून, ताबा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाकडून. वांद्र्याचा आदेश कितीही कडक असला तरी तिथली कंपनी त्यावरून पगार कापायला बांधील नाही. उलट न्यू जर्सीचा आदेश भारतात आणून वसूल करायचा तरी अवघड, कारण ज्यांचे आदेश इथे थेट अमलात येतात, त्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालच्या देशांत ब्रिटन, सिंगापूर, अमिराती आहेत, अमेरिका नाही. त्या आदेशावर इथे नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांत. तिथल्या तिथे मात्र पोटगी पगारातून परस्पर कापली जाते, नवरा नोकरी बदलून टेक्सासला गेला तरी. कर वजा जाता उरलेल्या पगाराच्या ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत कापता येतं. थकबाकी अडीच हजार डॉलरच्या वर गेली की अमेरिकी पासपोर्टही अडतो. नवरा ग्रीन कार्डवर असेल तर ही धमकी पोकळच.

ताब्याचं गणित वेगळं. त्यांच्या कायद्यात दावा दाखल होण्याआधीचे सहा महिने मूल जिथे सलग राहिलं, ते त्याचं घर, आणि ताबा ठरवायचा तिथल्या कोर्टाने. मुलगी मुंबईत येऊन अकरा महिने झाले होते. शाळेचा प्रवेश, लसीकरण कार्ड, विमानाचे बोर्डिंग पास एवढ्यावर ते सिद्ध झालं. पाच महिनेच झाले असते तर पारडं तिकडे झुकलं असतं.

घटस्फोटाला मात्र तिथे मान तुकवायची नाही. १९९१ च्या नरसिंह राव निकालानुसार, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर मिळालेला परदेशी घटस्फोट इथे टिकत नाही, पण बायकोने विनाअट हजर होऊन तिथे दावा लढवला किंवा संमती दिली तर टिकू शकतो. म्हणून उत्तरात स्पष्ट लिहून घेतलं: हजेरी पोटगीपुरती.

खरी मेहनत केस इन्फर्मेशन स्टेटमेंटची, म्हणजे न्यू जर्सीच्या कोर्टात द्यायच्या उत्पन्न-खर्चाच्या तक्त्याची. नवऱ्याच्या बाजूचा ठरलेला मुद्दा असतो, मुंबईत स्वस्ताई आहे. त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही, पावत्या लागतात. तिथली पोटगी आठवड्यावर मोजतात, आणि महिन्याचा आकडा ४ ने नाही, ४.३ ने भागायचा. माझ्या पहिल्या कच्च्या तक्त्यात ४ धरले होते. वर्षाची फी १२ ने भागली, पण स्कूल बस मे महिन्याचे पैसे घेत नाही, तिची बेरीज अकरा महिन्यांची करून मग १२ ने भागली. बसवाल्या काकांची पावती म्हणजे वहीचं पान. त्यांच्याकडून गाडीचा नंबर, महिन्याची रक्कम आणि सही असलेलं पत्र घेतलं. सोसायटीचं बिल मराठीत होतं, त्याचं प्रमाणित भाषांतर जोडलं. रुपयांचे डॉलर एकाच तारखेच्या दराने केले आणि ती तारीख तक्त्याच्या डोक्यावर लिहिली. दर पानागणिक बदलला तर समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

रक्कम डॉलरमध्येच ठेवा. पैसे राज्याच्या पोटगी केंद्रातून अमेरिकी खात्यात जमा होतात, म्हणून तिथलं खातं बंद करू नका, आणि त्याला जोडलेला अमेरिकी मोबाइल नंबरही. नंबर गेला की ओटीपी गेला. इकडे पाठवताना बँकेला कौटुंबिक निर्वाहाचा पी१३०१ हा कोड द्यायचा आणि प्रत्येक जमेची स्लिप जपायची.

पोटगीचा आकडा ठरल्यावर घटस्फोट वांद्र्याला परस्पर संमतीने केला, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. सहमतीच्या अटींत आकडा, चलन, तारीख शब्दशः न्यू जर्सीच्या आदेशासारखी. त्या आदेशाची फोटोकॉपी चालत नाही; शिक्क्याची प्रमाणित प्रत आणि त्यावर त्या राज्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा दाखला, लागतो. नवऱ्याचं मुखत्यारपत्र इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. कोर्टाच्या समुपदेशकांसमोर तो व्हिडिओवर. सकाळी ११ ची वेळ म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटलेली, तेव्हा दुपारनंतरची वेळ मागणं कामाचं नाही, संध्याकाळची मिळत नाही. त्याने जागायचं, हे आधीच कबूल करून घ्या. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची मुदत २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोर्ट माफ करू शकतं, पण ताबा आणि पैसे खरोखर मिटलेले असले तरच.

"शिक्षणाचा खर्च वडील करतील" असली ढिली वाक्यं अटींत घेऊ नका. कोणती फी, किती दिवसांत, कशाच्या पावतीवर, ते लिहा. न्यू जर्सीत पोटगी साधारणपणे १९ व्या वर्षी थांबते. पुढच्या शिक्षणाचं वेगळं कलम नसेल तर मुलगी ऐन पदवीच्या वर्षात रिकाम्या हाताने.

आणि पासपोर्ट. लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो. नूतनीकरणाला दुसऱ्या पालकाची सही नसेल तर परिशिष्ट सी हे एकट्या पालकाचं घोषणापत्र भरून द्यावं लागतं आणि कोर्टाचा कागद मागतात. आईच्या एकटीच्या सहीने पासपोर्ट निघेल, हे वाक्य आमच्या अटींत सर्वांत शेवटी, घाईत घातलं. त्या यादीतलं पहिलं उपयोगी पडलं तेच.