नुव्होलारीच्या लारिओ सर्किटवर: ओन्नोचा रस्ता आणि डिपॉझिटचा चटका

‘कोमो लेकच्या कडेने निवांत राइड’ असं वाचून कोणी इटलीतल्या लारिओच्या (हे कोमो लेकचंच दुसरं नाव) जुन्या सर्किटवर निघणार असेल, तर जरा थांबा. निवांत बिवांत काही नाही. माझी मनगटं अजून ठणकतायत.

हे सर्किट म्हणजे साधारण साडेछत्तीस किलोमीटरचा डोंगरी फेरा. १९२१ पासून १९३९ पर्यंत इथे मोटरसायकल शर्यती व्हायच्या, आइल ऑफ मॅनच्या गाजलेल्या टीटी शर्यतीवरून इटलीची टीटीच म्हणायचे तिला. इटालियन रेसर तात्सिओ नुव्होलारीने बियांकी कंपनीच्या ३५० सीसी ‘फ्रेच्चा चेलेस्ते’वर हे मैदान पुन्हापुन्हा मारलं. तो पुढे मोटारींच्या शर्यतींमुळे गाजला म्हणून त्याची बाइकवरची वर्षं लोक विसरतात. पठ्ठ्याची पहिली शर्यत १९२० सालची, क्रेमोनाला. वय २७! आजच्या हिशेबाने निवृत्तीचा विचार करायचं वय.

आता रस्ता. पायथ्याच्या आस्सो गावाहून वालब्रोनापर्यंत ठीक आहे, त्यावर शब्द घालवत नाही. वालब्रोनाहून खाली ओन्नोकडे उतरताना वळणं सुरू होतात आणि ओन्नोला तळ्याकाठी पोचलात की खरा त्रास. उत्तरेला बेल्लाजोकडे जाताना तळं उजव्या हाताला, आणि इटलीत गाडी उजवीकडून. म्हणजे तुम्ही पाण्याच्या बाजूला, डावीकडे कातळ, आणि समोरून येणारा कॅम्परव्हॅनवाला मधली रेघ आपल्या बापाची समजून चाललेला. कठडा बाइकवर बसल्यावर गुडघ्याइतकाच वाटतो. कडेला सरकायला साइडपट्टी नाही. फोटोसाठी थांबायचा विचारही करू नका.

पुढे गुएल्लोमार्गे गिसाल्लोची चढण. काही ठिकाणी १४ टक्क्यांपर्यंत. वरंध घाटात हात बसलेल्यांना चढ जड जाणार नाही, जड जाते ती बाजू. आपल्या डोक्यात डावीकडची शिस्त इतकी भिनलेली असते की हेअरपिन संपताना बाइक आपोआप चुकीच्या लेनमध्ये जाऊ पाहते. उजवं वळण आलं की मी मोठ्याने ‘उजवीकडे, उजवीकडे’ बोलत होतो. हसा, पण करा. शनिवार-रविवार टाळाच, सायकलवाल्यांची जत्रा असते. वरच्या चॅपेलमधल्या मादोन्ना देल गिसाल्लोला, म्हणजे मेरीमातेला, पोपने १९४९ साली सायकलस्वारांची रक्षणकर्ती ठरवलंय, त्यामुळे हक्क त्यांचाच.

हे सगळं डांबरावर, एबीएसच्या बाइकवर. नुव्होलारीच्या वेळी इथे धूळ आणि खडी होती. गिसाल्लोला हेल्मेट काढून घाम पुसताना मोंझाच्या ट्रॅकवरचा त्याचा १९२५ चा किस्सा आठवला. अल्फा रोमिओची गाडी चालवून बघताना तो भीषण आपटला, पाठ सोलवटून निघाली. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. याने काय करावं? बाइकवर वाकून बसण्याच्या पोझमध्येच अंग बँडेजने आवळून घेतलं, मेकॅनिकांनी धरून बसवला, आणि अपघातानंतर थोड्याच दिवसांत राष्ट्रांची ग्रां प्री जिंकला. त्याच वर्षी ३५० चा युरोपियन चॅम्पियनही झाला. आणि मी तिथे मनगट चोळत होतो.

भाड्याच्या बाइकबद्दल. दुकानाचं नाव घेत नाही. ठरलेलं भाडं वेगळं, काउंटरवर सांगितलेला ‘अनिवार्य’ विमा वेगळा, आणि परत देताना पॅनिअरवरचा (बाजूच्या सामानाच्या पेटीवरचा) एक ओरखडा दाखवून डिपॉझिटमधून घसघशीत रक्कम कापली. ओरखडा जुना होता. माझ्याकडे बाइक घेतानाचा व्हिडिओ होता म्हणून तासभर वाद घालून निम्मे पैसे सुटले. तेव्हा व्हिडिओ काढा, तोही दुकानातल्या माणसाचा आवाज येईल असा, टाकीखालून आणि पॅनिअरच्या आतल्या बाजूनेही. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं, डेबिटवर बरेच जण बाइक देत नाहीत. विम्यात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात तो आकडा सही करण्याआधी विचारा. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परमिट हवंच, ते इथूनच आरटीओतून काढून न्या.

मांतोवातलं नुव्होलारीचं म्युझियम छान आहे, जा. फक्त तिथे बाइक गावाबाहेर लावा. जुन्या भागात वाहनबंदीचे कॅमेरे आहेत आणि दंड घरी पोचल्यावर येतो, वर भाड्याच्या दुकानाची फी वेगळी.

ज्यांना बाइकचा हट्ट नाही त्यांनी मिलानच्या कादोर्ना स्टेशनवरून कान्झो-आस्सोची ट्रेन पकडावी, तासा-सव्वातासात पायथ्याशी. ज्यांना हट्ट आहे त्यांनी मंगळवार-बुधवार बघून सकाळी लवकर ओन्नो गाठावं. आणि मागे कोणाला बसवून? नका जाऊ.