तुम्ही विचारलंत म्हणून: अस्वल, धनुष्य आणि मचाणाची उंची

“धनुष्यबाणानं अस्वल मारलंत म्हणे! भीती नाही वाटली?”

हा प्रश्न मला लग्नात विचारलाय, बारशाला विचारलाय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं ठेवून विचारलाय. मी “वाटली की” म्हणून मोकळा होतो, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी शोभा फारशी नाही. पण इतक्या जणांनी विचारलंत, तर एकदा बसून सांगूनच टाकतो.

मी कॅनडात, ऑन्टारिओतल्या सू सेंट मरीला राहतो. गोष्ट २०१८ च्या ऑगस्टअखेरची. इथे परवाना काढून, मोसमात, काळ्या अस्वलाची शिकार करता येते. (भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, तिथे हा विचारही मनात आणायचा नाही, आणि आपल्याकडचं झिपरं अस्वल ही जातच वेगळी. गल्लत नको.) मला हा नाद लावला शेजारच्या आजोबांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे. आजोबा मी इथे लिहिताना म्हणतोय. समोर नावानंच हाक मारतो, इकडची रीतच तशी.

धनुष्य म्हणजे लाँगबो, जुन्या पद्धतीचं साधं लांब धनुष्य. ते चाकांचं, दुर्बिणीसारखं काहीतरी लावलेलं कंपाउंड नव्हे. कंपाउंडची दोरी पूर्ण ओढली की चाकं बराचसा भार स्वतःवर घेतात आणि माणूस सावकाश नेम धरतो. लाँगबोचं तसं नाही. जेवढं ओढाल तेवढं जड, आणि शेवटच्या चार बोटांत सगळ्यात जड. माझं ५२ पौंडांचं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो. आधीचं ४५ पौंडांचं होतं, ते हरणाला चालायचं, पण अस्वलासाठी इथला नियम किमान २२ किलो ओढीचा आहे, म्हणजे साधारण साडेअठ्ठेचाळीस पौंड. त्यामुळे नवं घेतलं आणि हिवाळाभर तळघरात खांदा दुखवून घेतला. पूर्ण ओढीवर मी फार तर तीन सेकंद टिकतो. नेमाला धनुष्यावर खूण नाही. दगड मारताना आपण जागेकडे बघतो, हाताकडे बघत नाही, तसंच. म्हणून माझा भरवशाचा पल्ला पंधरा मीटर. त्यापुढे मी बाण सोडत नाही.

या जुन्या पद्धतीचं अमेरिकेत जे पुनरुज्जीवन झालं त्याचं मूळ एका करुण गोष्टीत आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा आदिवासी एकटाच रानातून बाहेर आला. त्याच्या ‘याही’ नावाच्या जमातीपैकी दुसरं कुणी उरलं नव्हतं. सॅक्स्टन पोप नावाच्या सर्जननं त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि चालवायला शिकून घेतलं. १९१६ साली इशी क्षयानं गेला. चार वर्षांनी पोप आणि त्याचा मित्र आर्ट यंग यांनी येलोस्टोनमध्ये एका संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वलं बाणांनी मारली. तेव्हापासून ‘बाणानं अस्वल’ हे या छंदातलं एक शिखर होऊन बसलंय. मला त्या शिखरबिखराचा कंटाळा येतो, पण खोटं कशाला बोलू, त्या वर्षी माझ्याही डोक्यात ते होतंच.

आता मचाण.

जागा वावा नावाच्या गावाच्या पूर्वेला, घरापासून सव्वादोनशे किलोमीटरवर. रस्त्यापासून आत, स्प्रूसच्या रानात, एका झाडाला साखळीनं बांधलेलं पिंप. आत ओट्स, काकवी आणि बेकरीतला शिळा माल. होय, आमिष लावून. इथे ते कायदेशीर आहे, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. एवढंच सांगतो, आमिषामुळे जनावर जवळ येतं, थांबतं, नीट बघता येतं. नर की मादी, मागे पिल्लं आहेत का, हे दहा मिनिटं बघून ठरवता येतं. दाट झाडीत धावत्या काळ्या ठिपक्यावर बाण सोडण्यापेक्षा हे बरं.

पिंपापासून अकरा पावलांवरचं एक झाड आजोबांनी निवडून दिलं आणि सांगितलं, “साडेतीन मीटर पुरे.” मग ते आमिषाच्या बादल्या आणायला गाडीकडे गेले. मी पट्टा कमरेला अडकवला, पायऱ्या ठोकत चढलो आणि मचाण बांधलं साडेपाच मीटरवर. परत आल्यावर त्यांनी मान वर करून बघितलं, काही बोलले नाहीत. मी म्हटलं, “माझा वास वरच्या वर जाईल.” कारण बरं होतं, पण खरं नव्हतं. मला वर असायचं होतं, एवढंच. काळं अस्वल झाडावर सरसर चढतं हे मला शिकारीच्या परवान्याच्या वर्गात शिकवलं होतं, परीक्षेत लिहूनही आलो होतो. तरी ती दोन मीटर मला हवी होती. भीती वाटली का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर ते दोन मीटर.

चौथ्या संध्याकाळी अस्वल आलं. ‘आलं’ म्हणजे येताना दिसलं नाही. एक खार अर्धा तास माझ्यावर ओरडत होती, ती गप्प झाली, आणि आल्डरच्या झुडपांत मघाशी नव्हता असा एक काळा तुकडा होता. दीडशे किलोचं जनावर, पण वाळकी काडी मोडल्याचा आवाज नाही. तळवे मऊ असतात, उशी ठेवल्यासारखी पडतात. ते तिथेच बसून राहिलं. पंचवीस मिनिटं. मध्ये एकदा नाक वर करून त्यानं हवा ओढली, ती मला ऐकू आली.

कान बाजूंना, डोकं रुंद, कान त्या मानानं लहान. मोठा नर. लहान वयाच्या अस्वलाचे कान डोक्यावर गाढवासारखे उभे दिसतात, आणि नवशिका तिथेच फसतो.

मग ते उठलं आणि पिंपाकडे गेलंच नाही. सरळ माझ्या झाडाकडे आलं. मी चढताना हात लावलेल्या पायऱ्यांपैकी सर्वांत खालची त्यानं हुंगली. वरून मला त्याच्या पाठीवरचे केस वाऱ्यानं दुभंगताना दिसत होते, आणि डाव्या कानाला असलेली जुनी खाच. माझं तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. त्या क्षणी त्यानं वर बघितलं असतं तर काय, हा विचार मी मुद्दाम केला नाही.

ते वळलं. पाच-सहा पावलं जाऊन तिरकं उभं राहिलं, डोकं एका खोडाआड, पुढचा पाय पुढे टाकलेला. लाँगबोवाल्याला हवं असतं ते हेच, त्याचा डोळा झाकलेला आणि बरगड्या उघड्या. मी दोरी ओढली. बोट गालाच्या कोपऱ्याला लागलं. आणि बाण गेला. सोडला असं म्हणवत नाही, गेला. ओल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज. अस्वल झाडी फोडत धावलं, मग शांतता. मरताना अस्वल लांब, माणसासारखं कण्हतं म्हणतात. मी कान देऊन बसलो. काही नाही.

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं. अर्धा तास हलायचं नाही हा नियम. बाण गोळीसारखा धक्का देऊन पाडत नाही, रक्त वाहून जनावर मरतं. घाईनं मागे गेलात तर ते उठून मैलभर पळेल.

आजोबा आले तोवर अंधारलं होतं. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं इथे शिकारीचं हत्यार आवरून पिशवीत बंद ठेवावं लागतं, धनुष्यसुद्धा. म्हणजे जखमी अस्वलाच्या मागावर आम्ही दोघं, दोन टॉर्च आणि टॉयलेट पेपरचा एक रोल. कागदाचे तुकडे रक्ताच्या शेवटच्या थेंबाशी ठेवत जायचे, मागे वळून बघितलं की दिशा कळते.

पंधरा पावलांवर बाणाचा मोडका तुकडा मिळाला. पिसांकडचा, वीतभर. आजोबांनी तो टॉर्चखाली फिरवला, मोडक्या टोकाचा वास घेतला आणि मग वर, मचाणाकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

थोडं समजावून सांगतो. बाण आरपार गेला तर खालच्या भोकातून रक्त सांडतं आणि माग सापडतो. मी इतक्या वरून आणि ते इतकं जवळ, की बाण जवळजवळ उभाच शिरला. पाठीजवळून आत, खाली छातीच्या हाडात अडकला. भोक एकच, तेही वर. रक्त बादलीत साठावं तसं आतच साठतं. त्यातून अस्वलाची चरबी भोक बुजवते, आणि जे थोडं बाहेर येतं ते केस पिऊन टाकतात. साडेतीन मीटरवरून तोच बाण तिरका जाऊन खालून बाहेर पडला असता.

आम्ही गुडघ्यांवर अडीच तास काढले. शेवाळावर एक थेंब, फर्नच्या पानाच्या खालच्या बाजूला एक पुसट बोटभर रेघ, मग काहीच नाही. आता भीतीचं दुसरं उत्तर. प्रत्येक पडलेल्या खोडापलीकडे टॉर्च टाकताना मान आखडायची, ते खरंच. पण त्याहून मोठी भीती अशी, की ते सापडणारच नाही, कुठेतरी दोन दिवस तडफडत राहील, आणि हे सगळं मी माझ्या दोन मीटरसाठी केलं. साडेअकराला आजोबा म्हणाले, “पुरे. उजाडल्यावर. आता आपण माग तुडवतोय.”

गाडीत झोप लागली नाही. तिथून उत्तरेला तासाभरावर व्हाइट रिव्हर हे रेल्वेचं गाव आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये तिथे हॅरी कोलबर्न नावाच्या लष्करी पशुवैद्यानं वीस डॉलरला काळ्या अस्वलाचं एक पिल्लू विकत घेतलं; त्याची आई शिकाऱ्यानं मारली होती. ते पिल्लू लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचलं आणि त्याच्यावरून मधाचं वेड असलेलं जगभरच्या पोरांचं लाडकं अस्वल, गोष्टीतलं ‘विनी द पू’, जन्मलं. माझ्या मुलीच्या उशाशी ते असतं. रात्री तीन वाजता असल्या गोष्टी आठवायलाच हव्यात का?

पहाटे ते पाच मिनिटांत सापडलं. मचाणापासून सत्तर पावलांवर, आडव्या पडलेल्या एका स्प्रूसखाली, नाक पंजांत खुपसून. आमच्या शेवटच्या कागदापासून बारा पावलं. रात्री मी त्या खोडावर हात टेकून पलीकडे टॉर्च मारला होता. खाली बघितलंच नव्हतं. आजोबांनी काठीनं डोळ्याला स्पर्श करून खात्री केली. अंग आतून कोमट होतं. एकच फुप्फुस फाटलं होतं, आणि यकृताची कड. फार वेळ जगलं नसावं असं ते म्हणाले. मला धीर द्यायला म्हणाले की खरंच, ते मी विचारलं नाही.

खरा हिशेब सोलताना झाला. अस्वलाची कातडी आणि चरबी म्हणजे रजई. रात्र थंड होती तरी आतली ऊब निघाली नाही. मागच्या एका मांडीत हाडाजवळ सुरी घातली आणि आंबूस वास आला. अख्खी मांडी गेली. बाकीचं मांस बर्फात घालून आणलं. घरी ते मी थर्मामीटर लावूनच शिजवतो, आत ७१ अंश होईपर्यंत. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो आणि त्याची उत्तरेकडची जात फ्रीझरलाही दाद देत नाही. चरबी कढवून पांढरीशुभ्र बरणीभर झाली. बूट आणि धनुष्याचं चामडं त्यावरच चालतं.

मुलीनं एकच विचारलं, “ती आई होती का?” नव्हती, आणि हे मला तिच्या डोळ्यांत बघून सांगता आलं. भीतीबद्दल तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिलाही “वाटली की” एवढंच सांगितलं असतं.

पुढच्या वर्षी मचाण साडेतीन मीटरवर बांधलं. आजोबांनी खालून टेप लावून मोजलं, हसले नाहीत. अकरा संध्याकाळी बसलो. अस्वल आलं नाही. खारीनं माझ्या हातमोज्याचा अंगठा कुरतडून नेला.