एल्डर, को-लीडर आणि बोनस मेडल: आमच्या क्लॅनमधला माझा अनुभव

क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाइल गेम, त्यातल्या आमच्या क्लॅनमध्ये, म्हणजे टोळीत, नवीन पोरगं आलं की पहिला मेसेज ठरलेला: 'एल्डर करा की.' अजून कुणाला एक आर्चर (धनुर्धारी सैनिक) डोनेट केलेली नसते, खरं हुद्दा आधी पाहिजे.

क्लॅश ऑफ क्लॅन्स न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्लॅनमध्ये जास्तीत जास्त 50 जण असतात आणि पायऱ्या चार: मेंबर, एल्डर, को-लीडर, लीडर. एल्डरला नवीन माणूस आत घेता येतो आणि मेंबरला किक करता येतं. वॉर (दुसऱ्या क्लॅनशी लढाई) लावणं, सगळ्यांना क्लॅन मेल पाठवणं ही कामं को-लीडर आणि लीडरची. लीडर एकच.

आमचा क्लॅन म्हणजे निपाणी, चिकोडी, खानापूर, गोकाक आणि बेळगावातलं शहापूर-वडगाव असा गोतावळा. निम्मे मराठी, निम्मे कन्नड, आणि चॅटवर दोन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत. लीडर वडगावचा, मिलिटरी भरतीसाठी पहाटे पळायला जाणारा. वयानं माझ्यापेक्षा लहान. को-लीडरांत निपाणीचे एक रिटायर्ड मास्तर, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. लीडरसुद्धा सरच म्हणतो, आणि सर त्याला 'अरे बाळ' म्हणतात. गेममधला हुद्दा एकीकडे, वयाचा मान दुसरीकडे. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, आमच्यात त्यावरून कधी वाजलं नाही.

मी मेंबर होतो तेव्हा आम्ही वॉर सारखं हरायचो. कारण खेळ कच्चा हे नव्हतं, ॲटॅक वाया जायचे. वॉरमध्ये 23 तास तयारी आणि 24 तास लढाई, प्रत्येकाला दोन ॲटॅक. लीडर सवड मिळेल तेव्हा, म्हणजे बहुधा दुपारी, वॉर शोधायचा. मग लढाई संपायचीही दुपारीच. त्या वेळी मी उद्यमबागेत कारखान्यात मशीनवर, फोन लॉकरमध्ये. निपाणीची दोन पोरं तंबाखूच्या वखारीत. शेवटच्या तासात कुणाचे तारे, म्हणजे ॲटॅकचे गुण, कमी पडतात हे बघायला मोकळं कोणीच नाही.

मेंबरच्या हातात वॉरचं बटण नसतं. पण बघायला आणि लिहायला कुणी अडवत नाही. कोण किती वाजता ऑनलाइन असतो, कुणाचा दुसरा ॲटॅक राहतो, हे मी एका वहीत लिहायला लागलो. तयारीच्या दिवशी वॉरचे कॅसल (सोबत्यांनी दिलेलं सैन्य ठेवायची जागा) रिकामे दिसले की भरायचो, त्यालाही हुद्दा लागत नाही. मग लीडरला व्हॉट्सॲपवर वेगळा मेसेज टाकला: वॉर रात्री दहाच्या सुमाराला शोध, म्हणजे लढाईही रात्री नऊच्या सुमाराला संपेल, शेवटचे दोन तास सगळे घरात असतात. क्लॅन चॅटवर मुद्दाम लिहिलं नाही. पन्नास जणांसमोर लीडरला शिकवायला गेलं की बरोबर असलेलं बोलणंही पडतं, हे मी गणपती मंडळाच्या मीटिंगमध्ये भरपूर बघितलंय.

'बघूया' एवढंच उत्तर आलं. बरेच दिवस काही झालं नाही. मला राग आला होता, नाही म्हणत नाही. मग एका रात्री सव्वादहाला वॉर लागलं. त्यावर तो काही बोलला नाही, मीही नाही.

पुढे एल्डर झालो आणि खरी गंमत सुरू झाली, कारण आता किकचं बटण हातात होतं. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या एका पोराचे दोन्ही ॲटॅक राहिले आणि चॅटवर ओरडा सुरू: काढा त्याला. माझ्या वहीत होतं की हा एरवी कधी चुकत नाही, पावसाळ्यातच गायब होतो. त्याला लिहिलं, पाऊस सुरू असेपर्यंत तुझं वॉरचं चिन्ह लाल ठेव, म्हणजे तुला घेणारच नाहीत. त्यानं ठेवलं. उलट, एकजण आत येऊन कन्नड पोरांना आईवरून शिव्या घालायला लागला, त्याला मी कुणाला न विचारता काढला आणि लीडरला नंतर कळवलं. दोन्ही वेळी बटण तेच. शिव्यांच्या बाबतीत लीडर काय म्हणेल हे मला माहीत होतं, म्हणून थांबलो नाही. खानापूरच्या पोराबद्दल माहीत नव्हतं.

लीडर भरती झाला. जाताना मला को-लीडर केलं, लीडरपद मात्र स्वतःकडेच ठेवलं. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, म्हणजे आमचा लीडर गावातच आणि तरी फोनवर मिळत नाही, अशी अवस्था.

वॉर लीग म्हणजे दर महिन्याची सात दिवसांची स्पर्धा, त्यात रोज एकच ॲटॅक. तिचं साइनअप महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत करावं लागतं. 15 जणांची लीग की 30 ची, हे तिथंच ठरतं. माझं म्हणणं 15, भक्कम टाउन हॉलवाले (वरच्या लेव्हलचे) घेऊ, वरच्या लीगमध्ये चढू. सरांचं म्हणणं 30, पोरं खेळायला आलीत, बाकावर बसायला नाही. गेमच्या हिशेबानं आम्ही दोघं समान. जो आधी बटण दाबेल त्याचं खरं. मी शिफ्टमधून सुटताच दाबू शकलो असतो, सर तर दिवसभर घरीच होते, त्यांनीही दाबलं नाही. रात्री फोन केला. सर म्हणाले, 'जाताना त्यानं मेलमध्ये काय लिहिलंय बघ की.' लिहिलं होतं: सगळ्यांना खेळवा. 30 ची लीग लागली. आम्ही वर चढलो नाही.

खरी भांडणं लीग संपल्यावर होतात, बोनस मेडलवरून, म्हणजे बक्षिसाच्या जादा मेडलवरून. बोनस मोजकेच, आणि ते लीडर किंवा को-लीडरनं हातानं वाटायचे. माझा आग्रह होता की नियम आधीच जाहीर करायचा: सातही दिवसांचे ॲटॅक केलेल्यांना, ताऱ्यांच्या क्रमानं, आणि आम्ही दोघं को-लीडर शेवटी. सर लगेच हो म्हणाले. मेल मराठीत मी लिहिला, कन्नडमध्ये चिकोडीच्या पोरानं. तरी गोकाकचा एक चांगला खेळाडू सोडून गेलाच, सहा ॲटॅकमध्ये माझे तारे सगळ्यांत जास्त आहेत म्हणून. नियम वाकवला असता तर थांबला असता. दोघांनीही वाकवला नाही.

लीडर सुट्टीवर आला तेव्हा त्यानं सगळं चॅट वाचलं. नियम चांगला आहे म्हणाला आणि त्यात एक भर घातली: एक बोनस दर महिन्याला सगळ्यांत लहान टाउन हॉलवाल्याला, तारे कितीही असोत. आम्हाला विचारलं नाही. मला ते पटलं नाही, अजून पटलेलं नाही, आणि ते मी त्याला फोनवर सांगितलं. 'असू दे रे दादा,' म्हणाला. मी चिकोडीच्या पोराला मेसेज टाकला की कन्नड मेलमध्ये एक ओळ वाढवायची आहे.