घसा दुखतोय? आधी मेडिकलमध्ये जा

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ नावाची योजना सुरू आहे. घसा, कान, सायनस, किडा चावून चिघळलेली जागा, इम्पेटिगो म्हणजे पोरांच्या तोंडाभोवती येणारे पिवळ्या खपल्यांचे फोड, नागीण आणि बायकांची लघवीची जळजळ, या सात तक्रारींसाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची गरज नाही. थेट मेडिकलमध्ये जायचं. तिथला फार्मासिस्ट तपासतो आणि नियमात बसलं तर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकही देतो.

शिरपूरला आमच्या काकांचं मेडिकल आहे. त्यांना हे फोनवर सांगितलं तर हसूच आवरेना. “हाई तं आम्ही तीस वरीसपासून करी ऱ्हायनूत!”

काकांचं अगदीच खोटं नाही. बाजाराच्या दिवशी पाड्यावरून आलेला माणूस काउंटरवर हात टेकून “ताप शे, दोन टायमना गोया द्या” म्हणतो आणि काका देतात. डॉक्टरची फी, त्यात बुडालेली मजुरी आणि परतीची जीप हा हिशोब त्यालाही कळतो आणि काकांनाही. भारतात २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतल्या औषधांची, त्यातल्या ठरावीक अँटिबायोटिकची, रजिस्टरमध्ये नोंद ठेवायचा नियम आहे. ते रजिस्टर किती मेडिकलमध्ये रोजच्या रोज भरलं जातं, हे वाचणाऱ्यांपैकी धंद्यातल्यांना मी सांगायला नको.

मी इंग्लंडमध्ये ज्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून काम करते तिथे मागे एक खोली आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन, एक कॉम्प्युटर. तिसरं माणूस आत आलं तर दार लागत नाही. परवा तिथे बांधकामावरचा एक तरुण आला, घसा धरून. त्याला पाच गोष्टी विचारायच्या आणि बघायच्या. चोवीस तासांत ताप होता का? टॉन्सिलवर पू आहे का? दुखायला लागल्यापासून तीन दिवसांच्या आत आलाय का? टॉन्सिल लालबुंद सुजलेत का? आणि खोकला-सर्दी नाही ना? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. चार किंवा पाच भरले तर पाच दिवस पेनिसिलिनचा विचार करायचा. याचे दोनच भरले. पॅरासिटामोल घे, पाणी पी, गिळता आलं नाही किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच दाखव, असं सांगून पाठवलं. गडी नाराज. एवढ्यासाठी साइटवरून आलो का, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं.

पण ही सगळी तपासणी टाइप होऊन त्याच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेली. आणि गोळी दिली नाही तरी आमच्या दुकानाला तपासणीचे पैसे मिळाले. योजना सुरू झाली तेव्हा एका तपासणीचे १५ पौंड होते, २०२५ मध्ये १७ झाले. इथे मात्र काकांचं हसू थांबलं. “गोयी नही दिधी तरी पैसा भेटस?” भेटतो. काकांना पाकीट विकलं तरच चार पैसे सुटतात. मग ‘गोळीची गरज नाही’ असं काउंटरवरून सांगणं म्हणजे स्वतःचाच गल्ला अडवणं. एवढा एक फरक सोडला तर काका आणि मी एकाच जातीचं काम करतो, असं माझं मत होत चाललंय.

डॉक्टरांना हे आवडतं का? मला वाटलं होतं, पोटावर पाय आला म्हणून ओरडतील. तसं नाही. जीपीला पैसे मिळतात ते मुख्यतः यादीत किती माणसं नोंदलेली आहेत त्यावर, आज किती आली त्यावर नाही. घसा-कानवाले माझ्याकडे वळले तर त्यांचा खिसा रिकामा होत नाही. कुरकुर वेगळीच आहे. आमच्या शेजारच्या दवाखान्यातल्या एक ज्येष्ठ डॉक्टर मला सरळ म्हणाल्या, की दहा मिनिटांच्या एकेका अपॉइंटमेंटमध्ये घसा दुखणारा आला की आठ मिनिटं वाचायची, आणि ती आठ मिनिटं मागच्या म्हाताऱ्या आजोबांना द्यायची. आता सोपे पेशंट तुमच्याकडे, माझ्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त गुंतागुंतीचे. हे मी आधी कुठे वाचलं नव्हतं आणि ऐकून पटलं.

आम्हा फार्मासिस्टांचंही दोन मनांचं आहे. शिकलेलं वापरायला मिळतं याचा अभिमान आहेच. पण मी खोलीत ओटोस्कोप घेऊन कानात बघत असते तेव्हा बाहेर औषधांच्या पिशव्यांची रांग तशीच असते, कारण माझ्या सहीशिवाय काही बाहेर जात नाही. दारावर टकटक चालूच. माणसं वाढली नाहीत, काम वाढलं. २०२६ मध्ये नव्याने नोंदणी होणारे फार्मासिस्ट पहिल्या दिवसापासून स्वतः औषध लिहून देऊ शकणार आहेत. तरुण मुलं त्यावर खूश आहेत, आणि दुकानाचे मालक विचारतात की मग पिशव्या कोण तपासणार.

सगळ्यात जास्त चिडचिड होते ती टोलवाटोलवीची. लघवीच्या जळजळीची सेवा १६ ते ६४ वयाच्या बायकांसाठी. सदुसष्ट वर्षांच्या आजी येतात, दवाखान्याच्या रिसेप्शनने पाठवलेल्या. मला नाही म्हणावं लागतं. त्या पुन्हा तिकडे. पावसात. त्यांच्या लेखी दोघेही सारखेच कामचुकार.

डॉक्टरांचा खरा राग इथे आहे तो फिजिशियन असोसिएट या लोकांवर. पदवीनंतर दोन वर्षांचं शिक्षण घेऊन पेशंट तपासणारी ही माणसं. त्यांच्यावर इतका वाद पेटला की सरकारला स्वतंत्र आढावा घ्यायला लावावा लागला. २०२५ च्या जुलैत त्याचा अहवाल आला: नाव बदलून असिस्टंट करा, आणि ज्याचं निदान अजून कुणी केलेलं नाही असा पेशंट, ठरवून दिलेल्या नियमांत बसत नसेल तर, त्यांच्याकडे पाठवू नका. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्रात डॉक्टरांनी संप केला, तो एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करण्यावरून. बातम्या शेजारी ठेवून वाचल्या तर ‘रुग्णाची सुरक्षितता’ दोन्हीकडे अगदी त्याच शब्दांत सापडते. आपल्याकडे मात्र त्याच्या आड ओपीडीची गर्दीही असते, कारण आपला डॉक्टर पेशंटमागे कमावतो. हे बोललं की माझे डॉक्टर मित्र रागावतात. रागावू देत.

आमची मामेबहीण धडगाव तालुक्यात एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीएएमएस, वर सहा महिन्यांचा कोर्स. उपकेंद्र म्हणजे सातपुड्यातल्या तीनेक हजार लोकांचा पहिला दवाखाना, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. बीपी, शुगर, सिकलसेलची तपासणी, गरोदर बायका, आणि अडलं तर ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरशी व्हिडिओ कॉल. नेटवर्कसाठी ती टेकाडावर जाते, हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

ती आली तेव्हा सगळ्यात थंड वागल्या त्या तिथल्या सिस्टर. वीस वर्षं त्याच उपकेंद्रात बाळंतपणं केलेल्या, प्रत्येक घर तोंडपाठ. आणि वर अधिकारी म्हणून ही पंचविशीतली पोरगी! आता दोघींचं जमतं. सिस्टर पेशंटशी पावरी बोलीत बोलतात, ही लिहिते. प्राथमिक केंद्रातले साहेब तिला डॉक्टर म्हणत नाहीत. पण रविवारी रजा हवी असली की तिलाच फोन करतात.

तिची तक्रार पगाराची असेल असं मला वाटलं होतं. ती आहेच, कारण त्यातला एक भाग कामगिरीवर ठरतो. पण तिला जास्त खुपतं ते दुसरंच. ती पेशंटला चिठ्ठी देऊन नंदुरबारला पाठवते, आणि पुढे काय निदान झालं, काय औषध दिलं, याचा कागद परत येत नाही. पेशंट आला आणि बोलला तरच कळतं. “तुझ्याकडे तर सगळं कॉम्प्युटरवर आहे ना ताई,” ती म्हणाली. माझी नोंद जीपीकडे जाते हे खरं. तिकडून माझ्याकडे काहीच येत नाही. त्या सदुसष्टच्या आजींना शेवटी काय दिलं, ते त्या पुढच्या वेळी खोकल्याचं औषध घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांनाच विचारलं.