सरासरीत हरवलेल्या पेशी

मे महिन्यात सोलापुरात जिवाणू वाढवायचे म्हणजे आधी खोलीशी झगडा. साधा इनक्युबेटर तापवतो, गार करत नाही. खोलीच चाळीसच्या वर गेली की ३७ अंश टिकवायचे कसे? तरी पीएचडीच्या मुलांची कार्यशाळा आम्ही याच दिवसांत घेतो, कारण प्रयोगशाळा तेव्हाच रिकामी असते. माझा नियम एकच: जीवशास्त्राचा एक, गणिताचा एक, आणि दोघांत मिळून एक प्रश्न.

त्या दिवशीची जोडी ई. कोलाय या जिवाणूच्या लॅक ऑपेरॉनवर, म्हणजे लॅक्टोज पचवायच्या जनुकांच्या गटावर, काम करत होती. ही जनुकं टीएमजी नावाच्या रेणूने चालू होतात, आणि जिवाणू तो पचवत नाही, त्यामुळे मात्रा हातात राहते. मात्रा वाढेल तसा जीवशास्त्राच्या मुलीच्या नळ्यांत ओएनपीजीचा (जनुकं किती चालू आहेत ते दाखवणाऱ्या रसायनाचा) पिवळा रंग गडद होत होता. मधल्या मात्रेला रंगही मधला. प्रबंधाच्या कच्च्या प्रकरणात तिने लिहिलं होतं, ‘जनुक निम्मे चालू’.

गणिताच्या मुलाच्या समीकरणातून मात्र त्याच मात्रेला दोन स्थिर उत्तरं निघत होती: बंद किंवा पूर्ण चालू. मधलं तिसरं उत्तर टिकणारंच नव्हतं. पर्मिएज हे याच ऑपेरॉनचं प्रथिन टीएमजी पेशीत आणतं, आत आलेला टीएमजी आणखी पर्मिएज करायला लावतो. त्यामुळे पेशी अर्ध्यावर थांबत नाही.

“मॅडम, याचं गणित चुकलंय.”

“मॅडम, हिनं नीट मोजलं नाहीये.”

तासभर हेच चाललं. मी मध्ये पडले नाही. शेवटी वैतागून तिनेच विचारलं, “तुझं समीकरण किती पेशींचं आहे?”

“एका.”

“माझ्या नळीत कोट्यवधी आहेत!”

त्याने फळा पुसून दोन उंचवट्यांचा आलेख काढला: काही पेशी पूर्ण चालू, बाकीच्या पूर्ण बंद. निम्म्या घरांत दिवे लागलेली गल्ली लांबून मंद उजळलेली दिसते, तसा तिचा पिवळा रंग. दोघांचंही बरोबर होतं.

नोविक आणि वाइनर या शास्त्रज्ञांनी हे १९५७ मध्येच दाखवलं, तेही महागड्या यंत्राशिवाय. जिवाणू वाढलेलं द्रावण इतकं पातळ करायचं की बहुतेक नळ्यांत एकही पेशी जाऊ नये, गेली तर एकच. मात्रा अशी ठेवायची की चालू पेशीची पिल्लावळ चालू राहील आणि बंद पेशीची बंद. मग प्रत्येक वाढलेली नळी एकाच पेशीची साक्ष देते. ग्लुकोज अजिबात नको, ते ऑपेरॉन दाबतं. नेटका हात असेल तर हे आमच्या प्रयोगशाळेतही होईल, आणि तिचा हात नेटका आहे.

तिच्या मार्गदर्शकांचं मत वेगळं: “गणित नको, परीक्षक अडवतील.” त्याच्या विभागाला प्रमेय हवंय, नळ्या नकोत. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे. आमच्याकडे ते ज्याच्या त्याच्या विभागात उरकलं जातं. मला हे चीड आणणारं वाटतं. तिचे आकडे चोख होते, तरी वाक्य चुकीचं होतं, आणि तिच्या विषयातल्या कुणालाच ते खटकलं नसतं. असे किती प्रबंध कपाटात असतील, हे डोक्यातून जात नाही.

ती दोघं मात्र नळ्या लावायला तयार आहेत. टीएमजी कोणत्या विभागाच्या खर्चात घ्यायचं, त्या कागदावर अजून सही झालेली नाही.